टोमॅटो महागला की घराचा हप्ता का वाढतो? रिझर्व्ह बँक नेमकं करते तरी काय

उपनगरी

मंडळी, बारावी कॉमर्सनंतर अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

२०२१ च्या अखेरीस डोंबिवलीत घर घेतलं. ३० लाख कर्ज, २० वर्षं मुदत, ७ टक्के व्याज, हप्ता २३,२५९ रुपये. पुढच्या सव्वा वर्षात व्याज साडेनऊवर गेलं. बँकेत विचारलं तर म्हणाले, रेपो वाढला. रेपो का वाढला? महागाई वाढली म्हणून. महागाई का वाढली? युक्रेनचं युद्ध, खाद्यतेल, टोमॅटो, पाऊस. आता यातलं काय मी केलं होतं?

डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ टक्क्यांवर आलाय, हप्ताही उतरलाय, त्यामुळे तक्रार म्हणून लिहीत नाहीये. पण कोडं सुटत नाही. फोर्टमधल्या त्या उंच इमारतीत सहा माणसं बसून माझं व्याज वाढवतात, त्याने बाजारातली भाजी कशी स्वस्त होते? नोटा छापायचा अधिकार त्यांच्याकडेच असेल तर सरकार लोकांकडून कर्ज कशाला काढतं? आणि ही बँक सरकारची की सरकारपेक्षा वेगळी? जाणकारांनी जरा उलगडून सांगा. व्हॉट्सॲपवरची चित्रं टाकू नका, ती पाहून झाली आहेत.

बोचरा_वारा

उत्तर सोपं आहे. भाजी स्वस्त होत नाही. तुमच्या खिशात पैसे उरत नाहीत म्हणून तुम्ही भाजी कमी घेता. धागा बंद करू का?

लंबक

बोचरा_वारा चेष्टेत बोलले, पण अर्धं खरं बोलले. मी एका बँकेच्या ट्रेझरी विभागात आहे (कुठल्या ते विचारू नका), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेपो म्हणजे बँका सरकारी रोखे गहाण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून अगदी थोड्या मुदतीची उसनवारी करतात, तिचा दर. एवढंच. तुमच्या कर्जाला लागणारा सगळा पैसा बँक रेपोने उचलते, असं मुळीच नाही. तो मुख्यत्वे ठेवींवरच उभा असतो. पण बँकांनी एकमेकींना रात्रीपुरते पैसे देण्याचा जो बाजार आहे, त्याचा दर रेपोच्या आसपास बांधलेला असतो. जादा पैसे रिझर्व्ह बँकेकडे ठेवले तर रेपोपेक्षा पाव टक्का कमी मिळतो, अडीनडीला तिच्याकडून घेतले तर पाव टक्का जास्त पडतो. या दोन भिंतींच्या मध्येच दर हलतो. तिथून तो ठेवी, रोखे, कर्जं असा झिरपत जातो.

झिरपायला पूर्वी फार वेळ लागायचा. दर वाढला की बँका लगेच वाढवायच्या, उतरला की डोळे मिटून घ्यायच्या. म्हणून १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची घरकर्जं आणि इतर वैयक्तिक तरती (व्याज बदलत राहणारी) कर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी जोडणं सक्तीचं झालं आणि बहुतेक बँकांनी रेपोच निवडला. मोठ्या कंपन्यांची बरीच कर्जं मात्र अजून बँकेच्या स्वतःच्या खर्चावर ठरणाऱ्या दराला बांधलेली आहेत, ती हळू हलतात. म्हणजे मिंट रोडवर, रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयात, निर्णय झाला की पहिला फटका डोंबिवलीला आणि मग सावकाशीने कारखानदाराला. हे मला तरी न्याय्य वाटत नाही, पण आहे असं आहे.

तुमचा हिशोबही बघा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० झाला, म्हणजे अडीच टक्के. साडेनऊ टक्क्यांनी ३० लाखांचं पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच २३,७५० होतं. जुना हप्ता २३,२५९. म्हणजे हप्ता तोच ठेवून मुदत वाढवू म्हटलं असतं तरी मुद्दल कमी होण्याऐवजी वाढतच गेलं असतं. खूप जणांच्या बाबतीत असं होऊ लागलं तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर व्याजावर जायचं, हे कर्जदाराला विचारा, आणि कुठल्याही परिस्थितीत हप्त्यातून निदान व्याज तरी फिटलं पाहिजे.

उपनगरी

लंबक, धन्यवाद. मला कुणीही काही विचारलं नव्हतं, एक एसेमेस आला होता. नवा हप्ता अठ्ठावीस हजारांच्या घरात. असो. पण भाजीचं राहिलंच.

कांदेबहाद्दर

भाजीचं मी सांगतो, मी पिकवतो. निफाड तालुका.

२०२३ च्या ऑगस्टात सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. लासलगावचे लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातच बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. मग पुन्हा शुल्क, आधी ४० टक्के, नंतर २०, आणि ते पूर्ण उठलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर बांगलादेश, मलेशियाचं गिऱ्हाईक दुसरीकडे माल बघायला शिकलं होतं. कांदा स्वस्त कुणी केला? रिझर्व्ह बँकेने नाही. दिल्लीच्या एका अधिसूचनेने केला. रेपो वाढल्याने माझ्या शेतातला एक कांदा कमी-जास्त होत नाही. पीककर्जाचं व्याजही रेपोवर नाही. तीन लाखांपर्यंत सात टक्के आणि वेळेत भरलं तर चार. त्यामुळे शहरातली माणसं रेपो रेपो करतात तेव्हा आम्हाला ते दुसऱ्या गावच्या जत्रेसारखं वाटतं.

बोचरा_वारा

+१. आता बोला.

अडुळसा

कांदेबहाद्दर यांचं म्हणणं पूर्ण मान्य. मी महाविद्यालयात हाच विषय शिकवते आणि दर वर्षी पहिल्या तासाला कुणीतरी नेमका हा प्रश्न विचारतं. म्हणून उत्तर थोडं लांबेल.

मध्यवर्ती बँकेच्या हातात मालाचा पुरवठा नसतो. पाऊस, तेलाच्या खाणी, निर्यातबंदी यांतलं काही तिच्या हातात नाही. तिच्या हातात पैशाची किंमत आहे, म्हणजे व्याज. पैसा महाग झाला की लोक घर, गाडी, कारखान्याचा विस्तार पुढे ढकलतात. सिमेंट, पोलाद, मजुरी, भाडी यांच्यावरचा ताण थोडा सैल होतो. हे व्हायलाही तीन-चार तिमाह्या लागतात. टोमॅटोचं पीक दोन-अडीच महिन्यांत येतं आणि जातं. त्यामुळे टोमॅटोवर उपाय म्हणून रेपो वाढवणं हे रोगी बरा होऊन घरी गेल्यावर औषध आणण्यासारखं आहे.

आणि रिझर्व्ह बँकेने ते केलेलंही नाही, हे शीर्षकामुळे नजरेआड होतंय. टोमॅटोचा खरा भडका जुलै २०२३ चा. त्या महिन्यात किरकोळ महागाई ७.४४ टक्के होती. रेपो? ६.५० वर होता, तिथेच राहिला. पुढे फेब्रुवारी २०२५ पर्यंत हलला नाही. पीक आलं की भाव खाली येणार हे त्यांना दिसत होतं, म्हणून टोमॅटोकडे त्यांनी चक्क काणाडोळा केला.

उपनगरींचा हप्ता वाढला तो २०२२ मध्ये, आणि ते प्रकरण वेगळं होतं. कोविडमध्ये रेपो ४ टक्क्यांवर नेऊन ठेवलेला होता, हा आणीबाणीचा दर. जानेवारी २०२२ पासून महागाई सहाच्या वर गेली ती खाली येईना. फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं, एप्रिलमध्ये आकडा ७.७९ वर पोचला. मुख्य म्हणजे वाढ भाजीपाल्यापुरती राहिली नाही. कपडे, चपला, साबण, हॉटेलचं जेवण सगळीकडे पसरायला लागली. तेव्हा ४ मे २०२२ ला, ठरलेल्या बैठकीच्या महिनाभर आधी, अचानक दर वाढवला. माझ्या मते तेव्हाही उशीरच झाला होता, पण तो वाद वेगळा.

पसरण्याची भीती का असते? भाव वाढतच राहणार असं एकदा लोकांच्या मनात बसलं की दुकानदार आधीच भाव चढवून ठेवतो, कामगार पगारवाढ मागताना दोन टक्के जास्त मागतो, घरमालक करारात दहा टक्के वाढ लिहितो. मग मूळ कारण, म्हणजे तेल किंवा पाऊस, संपलं तरी महागाई स्वतःच्या पायावर चालत राहते. रेपो वाढवण्यातला मोठा भाग हा मनात बसणारा आकडा मोडून काढण्याचा असतो.

बोचरा_वारा

म्हणजे लोकांच्या मनावर उपचार करायला लोकांच्याच खिशातून फी. बरं.

ताई, एक सांगा. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, वर-खाली दोन टक्क्यांच्या आत ठेवायचं बंधन त्यांच्यावर कायद्याने आहे ना? सलग तीन तिमाह्या सहाच्या वर गेली तर सरकारला पत्र लिहून कारणं द्यायची. २०२२ मध्ये तसं झालं. नोव्हेंबरात खास बैठक झाली, पत्र गेलं. पण ते पत्र लोकांपुढे ठेवलं नाही. आम्हाला हप्ता दाखवतात, पत्र नाही.

अडुळसा

ते मलाही पटलेलं नाही. २०१६ मध्ये कायदा बदलून पतधोरण समिती आणली ती याचसाठी: पूर्वी गव्हर्नर एकटे ठरवायचे, आता तीन रिझर्व्ह बँकेचे आणि तीन बाहेरचे असे सहा जण मत देतात, बरोबरी झाली तर गव्हर्नरांचं मत निर्णायक. कोणी काय मत दिलं, का दिलं, हे चौदा दिवसांनी छापून येतं. कुणी उघड विरोधात मत दिलं तर तेही वाचायला मिळतं. एवढा उघडा कारभार असताना नेमकं अपयशाचं पत्र झाकून ठेवणं विसंगत आहे.

कांदेबहाद्दर

या चार टक्क्यांत आमचा माल किती?

अडुळसा

महागाई मोजायच्या, २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयं मिळून जवळजवळ ४६ टक्के. म्हणजे मापायच्या काट्यावर अर्ध्याच्या आसपास शेतमाल, आणि हातातलं हत्यार शेतमालावर न चालणारं. यावरून मोठा वाद झाला. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीने सुचवलं की लक्ष्य ठरवताना अन्नधान्य वगळावं. तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी त्याला नकार दिला: ज्या देशात माणसाच्या खर्चाचा एवढा मोठा वाटा जेवणावर जातो, तिथे जेवण सोडून महागाई मोजली तर आकड्यावर विश्वास कोण ठेवेल?

मी इथे दास यांच्या बाजूची आहे. घरातली बाई महागाई ठरवते ती डाळ-तेलावरून, बँकेच्या अहवालावरून नव्हे.

निवृत्त_रोखपाल

उपनगरी यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही, म्हणून लिहितो. चाळीस वर्षं नोटा मोजल्या, एवढीच माझी अर्हता.

नोटा छापून सरकारला देणे हा प्रकार आपल्याकडे चालू होता, आणि तो रीतसर होता. सरकारची रिझर्व्ह बँकेतील शिल्लक ठरावीक पातळीच्या खाली गेली की आपोआप तात्पुरती ट्रेझरी बिले (सरकारच्या उसनवारीच्या चिठ्ठ्या) निघत आणि बँक त्यावर पैसे देत असे. तात्पुरती फक्त नावाला. जुनी फिरवून नवी करत राहायचे. १९५५ पासून हे चालले. सप्टेंबर १९९४ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला, तेव्हा सी. रंगराजन गव्हर्नर होते आणि मनमोहन सिंग अर्थमंत्री. टप्प्याटप्प्याने कमी करत एप्रिल १९९७ पासून ही बिले बंद झाली. आता सरकारला अल्पमुदतीची उचल मिळते, पण तिला मर्यादा आहे आणि ती परत करावी लागते. पुढे २००३ च्या कायद्याने २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारचे नवे रोखे थेट विकत घेण्यासही मनाई झाली. म्हणून सरकार बाजारात कर्ज काढते. दुसऱ्याच्या पैशाची उधारी झाली की हिशोब तरी द्यावा लागतो.

जाता जाता, खिशात एक रुपयाची नोट सापडली तर बघा. तिच्यावर गव्हर्नरांची सही नाही, वित्त सचिवांची आहे, आणि धारकाला रुपये देण्याचे वचनही नाही. ती नोट आणि सर्व नाणी केंद्र सरकारची. दोन रुपयांपासून पुढच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या. नाशिकरोडचा छापखानाही सरकारी महामंडळाचा आहे, रिझर्व्ह बँकेचा नाही. त्यांच्या उपकंपनीचे छापखाने म्हैसूर आणि सालबोनीला.

लंबक

काकांना पुरवणी. छापील नोटा हा एकूण पैशातला लहान भाग. उपनगरींचं कर्ज मंजूर झालं त्या दिवशी बँकेने कुठल्या तिजोरीतून ३० लाख काढले नाहीत. बिल्डरच्या खात्यात ३० लाख जमा अशी नोंद केली, दुसऱ्या बाजूला उपनगरींच्या नावे कर्ज मांडलं. तो पैसा त्या क्षणी तयार झाला. कर्ज फिटत जाईल तसा तो नाहीसाही होईल. आपण ज्याला पैसा म्हणतो तो बहुतेक असाच, व्यापारी बँकांनी कर्ज देताना बनवलेला. रिझर्व्ह बँक त्याला दुरून लगाम घालते: रोख राखीव प्रमाण, भांडवलाचे नियम, आणि रेपो. रोख राखीव प्रमाण १९९० च्या सुरुवातीला १५ टक्के होतं, २०२५ मध्ये ते ३ टक्क्यांवर आणलं. म्हणजे शंभर रुपयांच्या ठेवीतले तीन रुपये रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी पडून राहतात.

उपनगरी

हे वाचून झोप उडाली. माझं कर्ज म्हणजेच बिल्डरचा पैसा?

बोचरा_वारा

तुमची झोप उडाली, त्याची लागली.

शापोरा

गोव्यातून एक पुरवणी, थोडी अवांतर. आमच्याकडे १९६१ पर्यंत रिझर्व्ह बँक नव्हतीच. नोटा काढायचं काम बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेकडे. आधी रुपिया, १९५९ पासून एस्कुदो. तीच बँक नोटा काढायची आणि तीच लोकांचे दागिने गहाण ठेवून कर्जही द्यायची. मुक्तीच्या आधी ते गहाण सोनं लिस्बनला गेलं. परत आलं १९९१ साली. तीस वर्षं.

गंमत म्हणजे त्याच १९९१ मध्ये भारताचं सोनं उलट दिशेने चाललं होतं.

निवृत्त_रोखपाल

ते दिवस चांगले आठवतात. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. मे महिन्यात सरकारने स्टेट बँकेमार्फत २० टन सोने बाहेर विकले, परत घेण्याच्या अटीवर. जुलैत रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या साठ्यातील सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे रवाना केले, तारण म्हणून. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान मिळून सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले. आजच्या मानाने रक्कम काहीच नाही. पण देणे चुकले नाही. भारताने एकदाही हात वर केले नाहीत, ही बाब पुढे कामी आली.

बातमी फुटली तेव्हा आमच्या शाखेत ग्राहक विचारत होते, आमच्या लॉकरमधले तर नाही ना नेले.

लंबक

आणि आता मार्च २०२५ अखेर रिझर्व्ह बँकेकडे जवळजवळ ८८० टन सोनं होतं. २०२३-२४ मध्ये इंग्लंडमधलं सुमारे १०० टन उचलून देशात आणलं. परकीय चलनाची गंगाजळी डिसेंबर २०२५ मध्ये ६८० अब्ज डॉलरच्या वर होती.

बोचरा_वारा

एवढी गंगाजळी आणि रुपया नव्वदीपार. मग ती कशाला जमवलीय, पूजेला?

लंबक

रुपया अमुक आकड्यावर धरून ठेवायचा असं त्यांचं धोरण नाही, निदान बोलण्यात तरी. एका दिवसात दाणकन आपटू नये, आयातदार-निर्यातदारांना सावरायला वेळ मिळावा, एवढ्यासाठी डॉलर विकतात. एका आकड्याचा हट्ट धरणाऱ्यांचं काय होतं ते बँक ऑफ इंग्लंडने सप्टेंबर १९९२ मध्ये पाहिलं. सकाळी व्याज १० वरून १२ केलं, दुपारी १५ करू म्हणाले, संध्याकाळी हार मानून पौंड युरोपच्या विनिमय यंत्रणेतून (चलनांचे दर एकमेकांशी बांधून ठेवणारी व्यवस्था) बाहेर काढला.

तिरपी_रेघ

तुम्ही सगळे रेपो आणि सोन्यावर बोलताय. मला रिझर्व्ह बँक भेटली ती एका नोटिशीच्या रूपाने. शहराचं नाव लिहीत नाही, बँकेचंही नाही. आईच्या नावावर एका सहकारी बँकेत ठेव होती. एके दिवशी दाराला कागद: रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार व्यवहारांवर निर्बंध. ठेव आमची, संचालक त्यांचे, आणि निर्बंध आमच्यावर. आईने मला विचारलं, चोर पकडायचा सोडून आपल्यालाच का कोंडून ठेवलं? मला उत्तर देता आलं नाही. इथे कुणाला देता येईल का?

निवृत्त_रोखपाल

ताई, उत्तर देतो, समाधान होईल असे नाही.

बँकेत खड्डा पडला आहे हे कळल्यावर दारे उघडी ठेवली तर पहिल्या रांगेतले सर्व काढून नेतात आणि मागच्यांना काही उरत नाही. पहिल्या रांगेत बहुधा आतली माहिती असलेलेच असतात. म्हणून सर्वांचे पैसे गोठवतात. तर्क बरोबर आहे. पण तो बरोबर ठरतो तो पुढची कारवाई झटपट झाली तरच, आणि आपल्याकडे ती वर्षानुवर्षे रेंगाळत आली. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी (पीएमसी) बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते.

बँक बुडाली तर ठेवीदाराला ठरावीक रक्कम देणाऱ्या ठेव विम्याचा उगमही अशाच एका धक्क्यात आहे. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झाले. संरक्षण तेव्हा दीड हजार रुपयांचे. १९९३ पासून एक लाख, ते पीएमसीनंतर फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाले. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देणे बंधनकारक केले. आईंचे प्रकरण त्याआधीचे असेल तर त्यांना याचा लाभ उशिरा मिळाला असेल.

लंबक

दोन गोष्टी इथे ठळक लिहून ठेवतो, कारण महाराष्ट्रात याबद्दल फार गैरसमज आहे.

पाच लाख हे दर बँकेला दर ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी ठेवल्या म्हणून पंधरा लाख सुरक्षित होत नाहीत. विम्याचा हप्ता बँक भरते, ग्राहक नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्थेवर सहकार खात्याचा अंमल असतो, रिझर्व्ह बँकेचा नाही, आणि तिथल्या ठेवीला हा विमा अजिबात लागू नाही. अनेक राज्यांत पसरलेल्या बहुराज्य पतसंस्थांनाही नाही. त्यांच्यावर केंद्रीय निबंधक. पाटीवर मोठ्या अक्षरात काहीही असो, एक टक्का जास्त व्याज देतात म्हणून निवृत्तीची सगळी पुंजी तिथे नेऊन ठेवणारे माझ्या नात्यात आहेत. सांगून थकलो.

तिरपी_रेघ

काका, लंबक, धन्यवाद. पैसे मिळाले शेवटी, पाच लाखांपर्यंतचे. आई तोवर नव्हती. पण माझा प्रश्न तसाच आहे. हे सगळं रिझर्व्ह बँक दर वर्षी तपासते ना? मग खड्डा पडेपर्यंत दिसत कसा नाही?

अडुळसा

वाईट वाटलं वाचून.

प्रश्नाचं उत्तर अर्धवटच देता येतं. नागरी सहकारी बँकांवर कित्येक दशकं दोन मालक होते. नोंदणी, निवडणुका, संचालक मंडळ बरखास्त करणं हे सहकार निबंधकांकडे. बँकिंगची तपासणी रिझर्व्ह बँकेकडे. चूक दिसली तरी माणसाला हटवायचं कुणी, यात वर्षं जायची. २०२० च्या दुरुस्तीनंतर संचालक मंडळ बाजूला सारण्यासारखे अधिकार रिझर्व्ह बँकेकडे बऱ्यापैकी आले. ही झाली तिची बाजू. पण पीएमसीमध्ये एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं हजारो बनावट खात्यांआड लपवली होती असं तपासात पुढे आलं, आणि तपासनीस वर्षानुवर्षं येऊन गेले होते. दुहेरी नियंत्रणाने त्याचं स्पष्टीकरण होत नाही. व्याजदराच्या कामात रिझर्व्ह बँकेला मी चांगले गुण देईन, सहकारी बँकांच्या देखरेखीत नाही.

बोचरा_वारा

ताईंनी गुण दिले, आता माझी शंका. उपनगरींनी विचारलं होतं बँक सरकारची की वेगळी. १९३५ मध्ये खासगी भागधारकांची म्हणून सुरू झाली, १ जानेवारी १९४९ पासून पूर्ण सरकारी. गव्हर्नर सरकार नेमतं. वरकड नफा सरकारला जातो: २०२३-२४ चे २.११ लाख कोटी, २०२४-२५ चे २.६९ लाख कोटी. मग स्वायत्तता स्वायत्तता कशाला? नोकराने मालकाला नाही म्हणायचं आणि मालकाने ऐकायचं, असं कुठे होतं?

अडुळसा

कागदावर तुमचं बरोबर आहे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ७ प्रमाणे सरकार गव्हर्नरांशी सल्लामसलत करून बँकेला लोकहितासाठी आदेश देऊ शकतं. पण ते कलम वापरलं गेलं असं कधी जाहीर झालेलं नाही. २०१८ मध्ये नुसती त्याची चर्चा सुरू झाली आणि बाजारात चलबिचल झाली. त्या डिसेंबरात गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी राजीनामा दिला, कारण वैयक्तिक म्हणून सांगितलं.

नाही म्हणणारा नोकर का ठेवायचा, याचं उदाहरण तुर्कस्तान. तिथे राष्ट्राध्यक्षांचं ठाम मत होतं की व्याज वाढवलं की महागाई वाढते. २०१९ ते २०२१ मध्ये त्यांनी तीन गव्हर्नर घरी पाठवले. २०२१ च्या सप्टेंबरपासून, महागाई चढत असताना, व्याज १९ वरून १४ वर आणलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांच्या वर होती. पगार हातात येईपर्यंत त्याची किंमत उतरलेली. शेवटी २०२३ मध्ये दिशा बदलावी लागली आणि व्याज ५० टक्क्यांपर्यंत न्यावं लागलं. उपनगरी, साडेनऊ आठवा.

निवृत्त_रोखपाल

स्वायत्तता कायद्यापेक्षा माणसावर जास्त अवलंबून असते. पहिले भारतीय गव्हर्नर आपले रायगडचे चिंतामणराव देशमुख, १९४३ पासून. इंग्रजांच्या नोकरीतले, पण १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला भारताचे म्हणणे मांडून आले. पुढे अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. खुर्ची सोडता येणारा माणूस खुर्चीत असला की निम्मे काम होते.

लंबक

नफ्याबद्दल. तो आकाशातून पडत नाही. परदेशी रोख्यांवरचं व्याज, बँकांना दिलेल्या पैशांवरचं व्याज, आणि २०२४-२५ मध्ये डॉलरची मोठी विक्री. पूर्वी स्वस्तात घेतलेले डॉलर रुपया घसरताना विकले की फरक हिशोबात नफा म्हणून येतो. बिमल जालान समितीने २०१९ मध्ये ठरवून दिलं की ताळेबंदाच्या साडेपाच ते साडेसहा टक्के आकस्मिक जोखमीसाठी राखायचे, उरलेलं सरकारला. २०२५ मध्ये ती राखीव वाढवून साडेसात केली. म्हणजे विक्रमी रक्कम देतानाही स्वतःच्या गाठीला थोडं जास्त बांधलं. पण या पैशाची सवय लागणं मला धोक्याचं वाटतं. अर्थसंकल्पात तो आधीच धरायला लागलेत.

कांदेबहाद्दर

माझा एक प्रश्न राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई ०.२५ टक्के होती म्हणे. पेपरात मथळे, साखर वाटल्यासारखे. आमच्याकडे त्या महिन्यात उत्पादन खर्च निघत नव्हता, त्यात अवकाळीने चाळीतला कांदा सडला. तुम्ही सांगता सहाच्या वर तीन तिमाह्या गेली तर पत्र लिहावं लागतं. दोनच्या खाली गेली तर?

अडुळसा

तोच नियम. चार लक्ष्य, दोन वर, दोन खाली. सलग तीन तिमाह्या सरासरी दोनच्या खाली राहिली तरी ते अपयशच, आणि कारणं, उपाय, किती दिवसांत परत येऊ, हे सगळं सरकारला कळवावं लागतं. जुलै-सप्टेंबरची सरासरी दोनच्या खाली होती. पुढची तिमाही तर ऑक्टोबरच्या त्या आकड्याने सुरू झाली.

कांदेबहाद्दर

मग लिहायची वेळ आली तर कारणांच्या रकान्यात लासलगावचा भाव टाका म्हणावं. आणि हे तरी पत्र छापा.